सतराव्या खांबाची दृश्यता

कुंभेरी घाटात धुक्याचे खांब उभे राहिले, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद विलास गुरवाला झाला होता. वीस वर्षं तो या घाटातून दुधाची गाडी खाली उतरवत होता आणि वीस वर्षं त्याची एकच तक्रार होती. लोक फॉगलाइट लग्नातल्या रोषणाईसारखे वापरतात. टळटळीत ऊन असो की स्वच्छ पहाट, समोरचा दोन पिवळे डोळे वटारून अंगावर येणार आणि पुढचा आपला मागचा लाल दिवा पेटवून डौलात चालणार.

"त्या लाल उजेडात याचा ब्रेक कधी लागला तेच कळत न्हाई," तो घरी येऊन म्हणायचा. "एक दिवस कुणाच्या तरी डिकीत शिरणार बघ मी."

सुवर्णा, त्याची बायको, यावर नुसतं हसायची. सकाळच्या वेळी तर तिला बोलताच यायचं नाही. उठल्यापासून घाटजाईचा धूप होईपर्यंत तिचं मौन असायचं.

कायदा तसा जुनाच होता. शंभर मीटरच्या पलीकडचं दिसत नसेल, तरच धुकेदिवे लावायचे. धुकं विरलं की लगेच बंद करायचे. मागचा लाल धुकेदिवा ब्रेकच्या दिव्याइतका तेज असतो. दाट धुक्यात मागून येणाऱ्याला तोच आधी दिसतो आणि जीव वाचवतो. हवा स्वच्छ असली की तोच दिवा मागच्याचे डोळे दिपवतो. एवढी साधी गोष्ट. पण शंभर मीटर मोजायचे कुणाच्या डोळ्यांनी? साठीच्या ट्रकवाल्याच्या, की वीस वर्षांच्या मोटारसायकलवाल्याच्या? पोलीस म्हणायचा दिसत होतं, ड्रायव्हर म्हणायचा दिसत नव्हतं, आणि दोघंही खरं बोलत असायचे.

खांबांनी तो वाद मिटवला. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर दोन आखूड हात होते. एका हातातून डोळ्यांना न दिसणारा किरण सुटायचा. मधल्या हवेत पाण्याचे बारीक कण असले की किरण त्यांच्यावर आपटून इकडेतिकडे फुटायचा, आणि फुटलेला उजेड दुसरा हात टिपून घ्यायचा. जितका उजेड जास्त फुटला तितकं धुकं दाट. त्यावरून खांब सांगायचा, इथे माणसाला अमुक मीटर दिसेल. तो आकडा येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या काचेखालच्या पट्टीवर उमटायचा. शंभरच्या आत गेला की धुकेदिवे आपोआप लागायचे, शंभरच्या वर आला की विझायचे. ड्रायव्हरला हाताने दिवा लावायची मुभा होती. पण खांब म्हणतोय स्वच्छ आणि तुम्ही दिवा लावला, तर ती चूक. तीन चुका झाल्या की परवाना सहा महिने जमा.

"आता कुणाची टगेगिरी चालायची न्हाई," विलास म्हणाला, आणि सतराव्या खांबाला त्याने स्वतःच्या हाताने नारळ फोडला.

सतरावा खांब घाटजाईच्या वळणावर होता. कुंभेरी गाव घाटमाथ्यावर, आणि गावाखालच्या पहिल्याच मोठ्या वळणावर देवीचं दगडी देऊळ. देवळाची पूजा गुरवांकडे. विलास पहाटे दूध गोळा करत फिरायचा, म्हणून पूजा सुवर्णाने अंगावर घेतली होती. सात वर्षांपूर्वी गाडीचे ब्रेक निकामी होऊन विलास याच वळणावर कठड्याला अडकून वाचला होता. तेव्हापासून तिने एक नेम धरला होता. पहाटे उठून मौनात आंघोळ, मौनात पूजा, आणि मग धुपाटण्यात निखारे घेऊन, त्यावर ऊद आणि राळ टाकून थेट रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. घाट उतरणाऱ्या प्रत्येक गाडीने त्या धुरातून पुढे जायचं. ड्रायव्हर गाडी हळू करायचे, एक हात सोडून नमस्कार करायचे, कुणी खिडकीतून डोकं बाहेर काढून धूर अंगावर घ्यायचे. सहसा शेवटी विलासची गाडी यायची. ती गेली की सुवर्णा देवळात जाऊन शंख फुंकायची आणि त्यानंतर तोंड उघडायची. एक दिवस चुकला नव्हता. तापात नाही, सोयरसुतकातही नाही, तेव्हा जाऊबाईला उभं केलं होतं.

खांबाला धूर आणि धुकं यांतला फरक कळत नव्हता.

आठ दिवसांत नागेश बिरादार येऊन उभा राहिला. तिशीचा, लातूरकडचा, खांबांची देखभाल करणाऱ्या कंपनीचा माणूस. रोज पहाटे साडेसहाच्या सुमाराला सतरावा खांब दृश्यता चाळीस मीटर सांगायचा, गाड्यांचे दिवे भसकन लागायचे आणि वीस पावलांवर भसकन विझायचे. त्याने आधी नम्रपणे विचारलं, मावशी, धूप देवळाच्या आत केला तर? सुवर्णाने त्याला प्रसादाचा शिरा दिला आणि नेम काय आहे ते शांतपणे सांगितलं. दुसऱ्यांदा तो आला तेव्हा खांब हलवता येईल का ते बघत होता. वळणावर दुसरी जागा नव्हती. तिसऱ्यांदा आला तो हसतच.

"मावशी, तुमच्या धुपाची वेळ खांबाला शिकवली. साडेसहा ते सव्वासात तो स्वतःचं मोजमाप धरणार नाही. वरचा सोळावा आणि खालचा अठरावा काय म्हणतात ते विचारून मधला आकडा सांगेल. तुमचा धूर तुम्हाला, आमचा खांब आम्हाला."

सुवर्णाला फार बरं वाटलं. तिने ही गोष्ट गावभर सांगितली. यंत्राने देवीचा मान राखला, म्हणाली. पुढच्या महिन्यात नागेश पेढे घेऊन आला. कंपनीला त्याची युक्ती पसंत पडली होती. रस्त्याकडेच्या देवळांजवळ, दर्ग्यांजवळ, जिथे जिथे धुराची कुरकुर होती तिथल्या चौसष्ट खांबांना तीच सवलत लावली होती, रीतसर मंजुरी घेऊन.

पावसाळ्यात अख्खा घाटच ढगात असतो. सोळावा, सतरावा, अठरावा, तिन्ही खांब एकच गाणं गायचे. कुणालाच काही जाणवलं नाही.

कार्तिकात थंडी पडली आणि घाटाने आपला जुना खेळ सुरू केला. कुंभेरीचे लोक हा खेळ ओळखून होते. उजाडता उजाडता देवळामागच्या खिंडीतून दरीतलं धुकं वर चढतं, तेवढ्याच वळणावर दुधासारखं साचतं, आणि ऊन आलं की अर्ध्या तासात जातं. वर माळावर लख्ख, खाली आडोशाला लख्ख.

विलासची पहिली चूक कार्तिकी अमावास्येच्या पहाटेची. वळणावर त्याला बॉनेटच्या पुढचं दिसेना, त्याने मागचा दिवा लावला. पट्टीवर आकडा होता तीनशे तीस. घरी येऊन तो चिडला नव्हता, गोंधळला होता.

"धुकं होतं गं. तू उभीच होतीस की."

ती उभी होती. पण तिच्याभोवती तर तिच्याच धुपाचा धूर होता, आणि धुराच्या आत उभ्या असलेल्या माणसाला धुकं किती ते काय सांगता येणार? "तुम्हाला झोप पुरत नाही," ती म्हणाली. "मशीन कशाला खोटं बोलेल?"

आठवड्याभराने दुसरी चूक झाली. या वेळी विलास तालुक्याला जाऊन दाद मागायची म्हणत होता. वळणावर काहीतरी गडबड आहे, इतर गाडीवालेही बोलतात. सुवर्णाला ते आवडलं नाही. ज्या खांबाने देवीचा मान राखला, त्याच्याविरुद्ध आपल्याच घरातून अर्ज जायचा? आणि तिसऱ्या चुकीला परवाना गेला तर सहा महिने दुसरा कुणी दुधाची फेरी उचलेल, ती काही परत मिळायची नाही. त्या संध्याकाळी तिने धुपाटण्यातला अंगारा त्याच्या तळहातावर ठेवला.

"पट्टी सांगेल तेव्हाच दिवा लावायचा. शपथ घ्या."

"अगं, डोळे कशाला दिलेत मग देवीनं?"

"घ्या म्हणते ना."

विलासने अंगारा मुठीत धरला, मग कपाळाला लावला. "घेतली बाई. आता तू आणि तुझा खांब, दोघं मिळून चालवा माझी गाडी," असं म्हणून तो हसत जेवायला बसला.

मार्गशीर्षातला तो दुसरा गुरुवार. सुवर्णा धुपाटणं घेऊन पायरीवरून उतरली. पायरीपासून खांबापर्यंत तिची एकवीस पावलं होती. रोज ती एकेका पावलाला देवीचं एकेक नाव घ्यायची. त्या दिवशी बारावं नाव झालं तरी खांब दिसला नाही. तेराव्याला त्याची काळी रेघ दिसली. निखारे अजून फुलायचे होते, धूर नव्हताच. तिच्या मनात एवढंच आलं की आज थंडी फार आहे.

सातला दहा मिनिटं कमी असताना विलासची गाडी आली. तिच्यासमोर येऊन थांबल्यासारखी हळू झाली. त्याने काच खाली केली. मिशांवर दवाचे थेंब होते.

"काय दिसत न्हाई गं," तो म्हणाला. "लावू का?"

त्याचं बोट बटणाच्या वर होतं. काचेखालच्या पट्टीवर तीनशे दहा उमटलेलं तिला दिसत होतं. तिचं मौन होतं. तिने मान हलवली, नाही. आणि धुपाटणं धरलेल्या हातानेच खांबाकडे दाखवलं.

विलासने बोट मागे घेतलं, हात जोडले आणि गाडी पुढे काढली. मागचे साधे दिवे दहा पावलांवर विरघळले. धुक्यात तो जनावरासारखा सावकाश चालला होता. इंजिनच्या आवाजावरून कळत होतं. पाठोपाठ माळावरून एक ट्रक उतरला. त्या ड्रायव्हरनेही तिला नमस्कार केला. त्याच्या पट्टीवरही तीनशे दहाच असणार.

मग वळणाच्या पलीकडून आवाज आला. आणि त्यानंतर दुधाचे कॅन कठड्यावर आपटत खाली जात असल्याचा आवाज, एकामागून एक, बराच वेळ.

पोलीस आले तेव्हा आठ वाजले होते आणि वळणावर लख्ख ऊन होतं. ट्रकचा ड्रायव्हर हणमंत लोहार, जतकडचा, रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसला होता आणि एकच वाक्य म्हणत होता, की धुकं होतं साहेब. फौजदाराने खांबाची नोंद काढली. दृश्यता तीनशे दहा मीटर. तीनशे मीटर दिसत असताना पुढच्या गाडीवर चढणारा माणूस एक तर झोपलेला असतो, नाहीतर प्यालेला. जमलेल्यांनी त्याला दोन लगावल्या. फौजदाराने सुवर्णाला विचारलं, बाई, तुम्ही इथेच होता, धुकं होतं का?

सुवर्णा कधी खोटं बोलत नसे. तोही एक नेमच होता. विलास खाली चादरीखाली होता आणि त्याला चिरडणारा माणूस समोर जिवंत बसून धुकं धुकं करत होता. ती म्हणाली, "खांब काय सांगतो ते बघा. मशीन कशाला खोटं बोलेल?"

त्याने ते लिहून घेतलं आणि तिचा अंगठा न घेता सही घेतली, कारण तिला सही येत होती.

तेराव्यानंतर नागेश आला. चहाचा कप हातात धरून बसला, प्याला नाही. सुवर्णाला वाटलं सांत्वनाला आलाय. मग तो खाली मान घालून बोलू लागला. सोळावा खांब माळावर, अठरावा आडोशाला; दोघांनाही वळणावरचं धुकं दिसत नाही. धुपाच्या वेळात सतरावा खांब स्वतः बघतच नाही, त्या दोघांचं ऐकतो. त्या दिवशी सतराव्याच्या डोळ्यांपुढे काय होतं ते कुठेच लिहिलं गेलेलं नाही, कारण त्या वेळचं मोजमाप ठेवूच नको असं त्यानेच शिकवलं होतं.

"माझ्या लक्षात यायला हवं होतं, मावशी. पावसाळाभर आकडे जुळत होते."

सुवर्णाने विचारलं, "ह्यांच्या दोन चुका?"

"त्याच वेळातल्या."

तिने त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि मोरीत नेऊन ओतला. बाहेर येऊन म्हणाली, तो ट्रकवाला कुठे आहे. नागेशने सांगितलं, कोठडीत. तुम्ही बोललात तर माझी नोकरी जाईल, पण बोलू नका असं सांगायला मी आलो नाही, असंही म्हणाला. त्याचा आवाज खरा होता. शिव्या द्यायला एखादा तरी माणूस हाताशी लागावा असं तिला फार वाटलं, आणि कुणी लागेना.

चौकशी जिल्ह्याच्या गावी होती. देवळाच्या पंचांनी आदल्या दिवशी निरोप पाठवला, देवीचं नाव कागदोपत्री आणू नका, धूप बंद पाडतील. जाऊ म्हणाली, ज्यानं मारला त्याची वकिली करायला निघालात, दादांच्या आत्म्याला काय वाटेल. सुवर्णा पहिल्या गाडीने गेली. बाकावर तिच्या शेजारी हणमंतची बायको शालन बसली होती, मांडीवर डबा घेऊन. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

चौकशी अधिकारी सभ्य होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. सुवर्णाने सगळं सांगितलं. धूप सांगितला, वेळ सांगितली, खिंडीतून चढणारं धुकं सांगितलं. अंगाऱ्याची शपथ सांगितली. काच खाली करून विलासने काय विचारलं आणि तिने मानेने काय सांगितलं, ते सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला, की अधिकाऱ्यांना पुन्हा विचारावं लागलं, आणि तिला ते दोनदा सांगावं लागलं.

"किती मीटर दिसत होतं म्हणता?"

"मीटर मला येत नाहीत साहेब. पायरीपासून खांब माझी एकवीस पावलं. त्या दिवशी तेराव्या पावलाला दिसला. म्हणजे आठ पावलं दिसत होतं."

"तुमच्या हातात धूप होता."

"धूर धरला नव्हता अजून."

नागेशलाही विचारलं. तोही खरं तेच बोलला, अडखळत, एकही शब्द न लपवता. मग कंपनीच्या वकिलाने मंजुरीचा कागद पुढे ठेवला. शेजारच्या खांबांवरून काढलेली दृश्यता हीसुद्धा कायद्याच्या अर्थाने दृश्यताच, असं त्यात स्पष्ट होतं. चौसष्ट जागी ती व्यवस्था सुरळीत चालू होती. लोकभावनेचा आदर म्हणून तिचं कौतुकही झालं होतं.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "काकू, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो," ते म्हणाले. "पण माझा विश्वास इथे कामाचा नाही. माणसाच्या डोळ्यांवर भांडणं होत होती म्हणून तर हा कायदा बदलला. जिथे खांब आहे, तिथे खांबाने जाहीर केलेली दृश्यता हीच दृश्यता. आणि तुमचा पहिला जबाब आहे इथे." त्यांनी तो वाचून दाखवला. खांब काय सांगतो ते बघा. मशीन कशाला खोटं बोलेल.

खाली तिची सही होती, वळणदार.

बाहेर जिन्यावर शालन उभी होती. सुवर्णा तिच्यासमोर जाऊन थांबली. काय बोलावं ते तिने वाटेत ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"ते पहिल्या दिवसापासून धुकं धुकं म्हणत होते," शालन म्हणाली. "लोकांनी मारलं तेव्हा तुम्ही तिथं होता. तेव्हा धूप होता की मौन?"

शालन डबा सावरत जिना उतरून गेली.

हणमंतला दोन वर्षांची शिक्षा झाली. नागेशची नोकरी गेली नाही, बदली झाली, वरच्या जागेवर. विलासच्या नावावरच्या दोन चुका तशाच राहिल्या, कारण मेलेल्या माणसाच्या चुका पुसायची तरतूद नव्हती.

सुवर्णाने धूप बंद केला. धुपाटणं घासून, पालथं घालून देवळाच्या कोनाड्यात ठेवलं. मग नव्या देखभालवाल्याला गाठून सांगितलं, की आता धूर नाही, खांबाला पहिल्यासारखं बघू दे. त्याने वर विचारलं. उत्तर आलं की सवलत देवस्थानाच्या नावे आहे, कुणा एका बाईच्या नावे नाही. पंचांचा ठराव लागेल. पंच म्हणाले, मिळालेला मान आपण होऊन कोण परत करतं? ज्या धुपासाठी खांबाने डोळे मिटले होते तो धूप गेला, आणि मिटलेले डोळे तसेच राहिले, रोज साडेसहा ते सव्वासात.

पुढच्या कार्तिकात धुकं पुन्हा खिंडीतून चढलं. सुवर्णा पहाटे उठली, आंघोळ केली, देवीला फूल वाहिलं. मौन आता ती धरत नव्हती. रिकाम्या हाताने पायरी उतरून मोजू लागली. दहाव्या पावलाला खांब दिसला नाही. बाराव्याला नाही. पंधराव्याला दिसला.

माळावरून गाडी आली. कोंबड्यांचे पिंजरे लादलेली, नवा ड्रायव्हर, चेहरा हसरा. सुवर्णा हात वर करून रस्त्यात आली. आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, त्यामुळे तो फाटका निघाला.

"मागचा दिवा लावा. फॉगलाइट लावा हो, धुकं आहे."

ड्रायव्हरने गाडी हळू केली. तिला नमस्कार केला, देवळाला नमस्कार केला. मग मान हलवली, नाही, आणि स्टिअरिंगवरचा हात उचलून बोटाने खांबाकडे दाखवलं.

गाडी पुढे गेली. तिचे मागचे दिवे आठव्या पावलाला दिसेनासे झाले. माळावरून दुसरी गाडी उतरत असल्याचा आवाज येऊ लागला, जड, ट्रकसारखा. सुवर्णा रस्त्याच्या मधोमध तशीच उभी राहिली.